पाते वेगळे, रेझर वेगळा: विमान सुरक्षा नियामकांना खुले पत्र

प्रति,
आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना
आणि देशोदेशीच्या विमान सुरक्षा नियामक संस्था

माननीय महोदय आणि महोदया,

स. न. वि. वि.

ब्रशने फेस काढून एका पात्याच्या रेझरने दाढी करणाऱ्या, आणि शक्यतो केबिन बॅगेवरच प्रवास भागवणाऱ्या असंख्य प्रवाशांपैकी मी एक आहे. आपण आखलेल्या नियमांमुळे माझ्यासारखे लोक निर्धास्तपणे विमानात बसतात याची मला जाणीव आहे, म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. सुटी पाती केबिनमध्ये नेऊ द्यावीत अशी माझी मागणी नाही. दुधारी पाते बोटांत धरता येते, पाकिटात लपवता येते आणि त्याच्या दोन्ही कडा उघड्या असतात. त्याला केबिनमध्ये बंदी असणे योग्यच आहे आणि ती उठवावी असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे त्याहून मर्यादित आहे. रेझर म्हणजे पाते नव्हे, ही गोष्ट आपल्या नियमांत सरळ शब्दांत लिहिली जावी आणि तपासणीच्या पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यापर्यंत ती त्याच शब्दांत पोहोचावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. दाढीच्या साबणाबद्दलही थोडे लिहायचे आहे, कारण तिथेही अडचण शब्दांचीच आहे.

काही वर्षांपूर्वी एका विमानतळावर घडलेला प्रसंग आधी सांगतो. माझ्या बॅगेत माझ्या वडिलांचा रेझर होता. तीन भागांचा, पितळी, मुठीवरचे निकेलचे पाणी बोटांच्या जागी झिजून आतला पिवळा धातू दिसू लागलेला. निघण्याच्या आदल्या रात्री मी त्यातले पाते काढून ठेवले होते आणि रेझर धुऊन, कोरडा करून, कापडी पिशवीत घातला होता. एक्स-रे यंत्रातून बॅग बाहेर आली ती बाजूच्या पट्ट्यावर. कर्मचाऱ्याने पिशवी उघडली, मूठ उलटी फिरवली, टोपी सुटून त्याच्या तळहातावर आली आणि तिच्या पोटातून वाळलेल्या साबणाचा एक पांढरा पापुद्रा ट्रेमध्ये पडला. पाते नव्हते. त्याने खालची दातेरी पट्टी उलटसुलट करून पाहिली, टोपीच्या दोन्ही कडांवरून अंगठा फिरवला आणि शेजारच्या सहकारी बाईंना विचारले. त्यांनी यादी पाहिली. यादीत ‘रेझर ब्लेड’ असे लिहिलेले होते. यात ब्लेड कुठे आहे, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “ब्लेड नाही, पण हा ब्लेडचाच आहे ना.” माझ्यामागे रांग खोळंबली होती, विमानात बसण्याची वेळ झाली होती. ते तीन भाग एकामागोमाग एक जप्तीच्या पेटीत पडल्याचा आवाज मला अजून आठवतो.

त्या दोघांपैकी कोणीही माझ्याशी उर्मटपणे वागले नाही, हेही सांगितले पाहिजे. शंका आली तर वस्तू अडवायची, हे त्यांना शिकवलेले असते आणि ते बरोबरच आहे. त्यांच्या हातात जी यादी होती तिच्यात दोन शब्द एकत्र होते. समोर असलेली वस्तू त्या दोन शब्दांपैकी फक्त एका शब्दात बसत होती, आणि अशा वेळी काय करायचे हे त्या यादीत कुठेच लिहिलेले नव्हते. माझी तक्रार त्या अपुऱ्या यादीबद्दल आहे.

जी गोष्ट मी नियमात मागतो आहे, ती या वस्तूच्या जन्मापासून तिच्यात आहे. पूर्वी दाढी वस्तऱ्याने होत असे. वस्तऱ्यात पोलाद आणि धार एकजीव असतात, धार गेली की चामड्याच्या पट्ट्यावर किंवा दगडावर ती परत आणावी लागते. किंग कॅम्प जिलेट यांना १५ नोव्हेंबर १९०४ रोजी अमेरिकेत ज्या रेझरचे पेटंट मिळाले, त्याचे सगळे वैशिष्ट्य धार आणि मूठ यांची फारकत करण्यात होते. पाते इतके पातळ आणि स्वस्त करायचे की धार लावण्याऐवजी ते बदलून टाकता यावे, आणि त्या पातळ पात्याला ताठपणा देण्यासाठी त्याला दोन धातूच्या तुकड्यांमध्ये आवळून धरायचे, अशी ती कल्पना होती. आजचे दुधारी पातेही साधारण ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाइतके जाड असते. ते काढून घेतले की मागे उरते ती एक मूठ, एक पट्टी आणि एक टोपी. त्यांना कुठेही धार नसते. त्या तिन्हींनी कागदाचा कपटाही कापता येत नाही, टोक म्हणावे असे काही त्यांच्यात नसते, आणि वजन साधारणपणे शंभर ग्रॅमच्या आतबाहेर असते. सूटकेस ओढण्याचा दांडा याहून जड असतो.

आज कुठे काय लिहिलेले आहे तेही पाहू. अमेरिकेच्या परिवहन सुरक्षा प्रशासनाने, म्हणजे टीएसएने, हा भेद केलेला आहे. पाते असलेला सेफ्टी रेझर, म्हणजे माझ्या वडिलांच्या रेझरसारखा पाते बदलता येणारा रेझर, केबिनमध्ये चालत नाही, पाते काढलेला चालतो, आणि प्लास्टिकमध्ये पाती बसवलेली कार्ट्रिज किंवा एकदा वापरून टाकून देण्याचे रेझर हातातल्या सामानात नेता येतात. हे चांगले आहे. मात्र त्याच ठिकाणी, अंतिम निर्णय तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्याचा राहील, असेही सांगितलेले असते. युरोपीय संघाच्या २०१५ सालच्या नियमावलीत प्रवाशांना मनाई असलेल्या धारदार वस्तूंच्या यादीत ‘रेझर ब्लेड’ आहे. त्याच यादीत सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याचे चाकू आणि कात्र्या आहेत, आणि कात्रीचे पाते कुठून मोजायचे, तर दोन पाती जिथे जोडलेली असतात त्या खिळ्यापासून, इतका बारकावाही त्यात आहे. कात्रीसाठी जो बारकावा सुचला, तो रेझरसाठी सुचलेला नाही. कार्ट्रिजचे काय, पाते नसलेल्या मुठीचे काय, हे प्रवाशाने आणि कर्मचाऱ्याने आपापल्या परीने ठरवायचे. मग काही देश आपल्या संकेतस्थळावर स्वतंत्र खुलासा देतात, काही देत नाहीत, आणि एकाच प्रवासात तीन विमानतळांवर तीन अर्थ निघतात.

‘रेझर’ हा एकच शब्द आपण निदान चार वस्तूंसाठी वापरतो, हे या गोंधळाचे मूळ आहे. वस्तरा हा एक रेझर. त्याचे पाते निघत नाही, त्यामुळे तो केबिनमध्ये नकोच. वस्तऱ्यासारखी दुमडणारी पण अर्धे ब्लेड बदलता येणारी मूठ, जी अनेक केशकर्तनकार वापरतात, ती दुसरी, आणि पाते काढल्यावर तिच्यात धार उरत नाही. तिसरा सेफ्टी रेझर. चौथ्या प्रकारात कार्ट्रिजचे आणि टाकून देण्याचे रेझर येतात, ज्यांतली पाती प्लास्टिकच्या चौकटीत अडकवलेली असतात आणि त्यांची फक्त कड बाहेर डोकावते. नियमात या चौघांना चार नावे मिळाली, तर पट्ट्यापाशी होणारे अर्ध्याहून अधिक वाद सुरूच होणार नाहीत असे मला वाटते.

कर्मचाऱ्याच्या बाजूनेही हा प्रश्न समजून घेतला पाहिजे. पितळ किंवा जस्ताच्या मिश्रधातूची टोपी एक्स-रे पडद्यावर गडद ठिपक्यासारखी दिसते, आणि तिच्या पोटात मिलिमीटरच्या दहाव्या भागाचे पाते आहे की नाही, हे बंद रेझरच्या प्रतिमेवरून खात्रीने सांगणे कठीण असते. अशा वेळी बॅग बाजूला घेणे अपरिहार्य आहे आणि त्याबद्दल कुणीही प्रवासी कुरकुर करू नये. पण बॅग उघडल्यावर खात्री करून घेणे मात्र अत्यंत सोपे असते. तीन भागांचा रेझर असेल तर मूठ काही आटे फिरवली की सगळे सुटे होते. दोन भागांचा असेल तर थोडे फिरवताच टोपी वर येते. मुठीच्या तळाशी चकती असलेला, फुलपाखराच्या पंखांसारखी दोन झाकणे उघडणारा रेझर असेल, तर ती चकती फिरवताच आतली जागा समोर दिसते. दुसऱ्या एका विमानतळावर मी हे पाहिले आहे. तिथल्या बाईंनी माझा रेझर हातात घेतला, चकती फिरवली, झाकणे उघडली, आत डोकावले, परत मिटवली आणि तो माझ्या हातात ठेवून पुढच्या ट्रेकडे वळल्या. माझ्या अंदाजाने त्याला दहा सेकंदेही लागली नसतील. त्या बाईंना ही वस्तू माहीत होती, आणि पूर्वीच्या त्या दोघांना नव्हती.

प्रशिक्षणात ही एक गोष्ट घालायला किती वेळ लागेल? तिन्ही प्रकारचे रेझर एकदा हातात देऊन, उघडून आणि मिटवून दाखवले तरी पुरेसे आहे. जोडीला पाते असलेल्या आणि पाते नसलेल्या रेझरच्या एक्स-रे प्रतिमा शेजारी शेजारी दाखवल्या, तर संशय कुठे घ्यायचा आणि कुठे नाही हेही कळेल.

यावर एक साधा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, आणि आपल्याही मनात तो येईल. प्रवासापुरते कार्ट्रिज का वापरत नाही? ती केबिनमध्ये चालतात, मग हा अट्टहास कशासाठी? प्रामाणिकपणे सांगायचे तर अनेकांना चालते, आणि त्यांनी ते जरूर करावे. परंतु सगळ्यांच्या त्वचेला ते मानवत नाही. एकापेक्षा अधिक पाती असलेल्या कार्ट्रिजमध्ये पहिले पाते केस ओढून धरते आणि मागचे पाते त्याला त्वचेच्या पातळीच्या खाली कापते. ज्यांचे केस कुरळे आणि राठ असतात, त्यांच्यात असा खाली कापला गेलेला खुंट वर येताना वळतो, त्वचेतच शिरतो आणि तिथे लालसर, दुखरी गाठ येते. मानेवर आणि जबड्याच्या खाली अशा गाठींची रांगच उठते, कधी त्यांत पू होतो, कधी डाग कायमचे राहतात. अशा लोकांना एकच पाते वापरण्याचा, केसांच्या वळणाच्या दिशेने दाढी करण्याचा आणि फार तळापासून न कापण्याचा सल्ला दिला जातो. माझी स्वतःची मान तशीच आहे. चार दिवसांच्या कामाच्या प्रवासात दोन दिवस कार्ट्रिज वापरले, तर तिसऱ्या दिवशी सदऱ्याची कॉलर मानेला टोचू लागते आणि परतल्यावर आठवडाभर दाढी बंद ठेवावी लागते. ज्याला हा अनुभव नाही त्याला हा हट्ट क्षुल्लक वाटेल, पण तो हौसेपोटी केलेला हट्ट नाही, एवढेच मला आपल्या नजरेस आणून द्यायचे आहे.

ज्यांना केवळ आवडते म्हणून अशी दाढी करायची आहे, त्यांचाही हक्क मला कमी वाटत नाही. परक्या खोलीत, परक्या आरशासमोर, सकाळची पहिली दहा मिनिटे आपल्या हाताच्या सवयीची असणे, यात माणसाला जो स्वस्थपणा मिळतो, तो नियमाला धक्का न लावता मिळत असेल तर का मिळू नये?

पाते कुठून आणायचे, याची सोय प्रवासी स्वतः करतात. दुधारी पात्याचा आकार जगभर एकच आहे. त्यामुळे मुक्कामी पोहोचल्यावर पाच पात्यांची एखादी पुडी विकत घेता येते, किंवा कुणी चेक-इन बॅग नेत असेल तर मूळ वेष्टनातली पाती त्यात टाकता येतात. आपल्याकडे जे कर्मचारी तपासणीसाठी बॅग उघडतात त्यांच्या हाताला इजा होऊ नये म्हणून ती पुठ्ठ्यात किंवा डबीत बंद करून ठेवावीत, हे मी इतर प्रवाशांनाही नेहमी सांगतो. परतताना उरलेली पाती मागे सोडावी लागतात. ती तशीच खोलीतल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली, तर सकाळी ती पिशवी हाताने आवळून बांधणाऱ्या माणसाचे बोट चिरते. जाड कागदात गुंडाळून, चिकटपट्टी लावून, वर ‘ब्लेड’ असे लिहून ती टाकायला एक मिनिट पुरते.

हाच विचार विमानतळावरही व्हायला हवा, कारण विसरून पाते आत राहिलेले रेझरही पट्ट्यावर येतातच. आज अशा वेळी बहुतेक ठिकाणी अख्खा रेझर पेटीत जातो आणि ती पेटी पुढे कुणीतरी रिकामी करतो. रुग्णालयांत सुया टाकण्यासाठी अरुंद तोंडाच्या, परत उघडता न येणाऱ्या पेट्या असतात. तशी एक छोटी पेटी प्रत्येक तपासणी मार्गाच्या अलीकडे, प्रवासी अजून तपासणीत शिरला नसेल अशा जागी ठेवली, तर पाते तिथे टाकता येईल आणि रेझर सोबत नेता येईल. यात धोका वाढत नाही. उलट, सुटे पाते नेमक्या जागी आणि बंद अवस्थेत गोळा होते.

आता साबणाकडे वळतो. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये अटलांटिकपार जाणाऱ्या विमानांत द्रव स्फोटके नेण्याचा कट उघडकीस आला, आणि त्यानंतर द्रवपदार्थांवरची बंधने आली. युरोपीय संघात ६ नोव्हेंबर २००६ पासून प्रत्येक डबी किंवा बाटली १०० मिलिलीटरच्या आत आणि सगळ्या मिळून एका लीटरच्या पारदर्शक पिशवीत, अशी अट लागू झाली, आणि आपल्या संघटनेच्या शिफारशीने पुढे ती बहुतेक जगात पोहोचली. ही अट कशासाठी होती हे कुणीही समजदार माणूस नाकारणार नाही. प्रश्न आहे तो व्याख्येचा. युरोपच्या व्याख्येत द्रव म्हणजे लेप, लोशन, द्रव आणि घन यांचे मिश्रण, दाबाखालच्या डब्यांतले पदार्थ, आणि ‘तत्सम घट्टपणाचे इतर पदार्थ’. दाढीचा फेस त्यात नावानिशी आहे, आणि तो असायलाच हवा, कारण तो फवाऱ्याच्या डब्यात येतो. दाढीचे क्रीम ट्यूबमध्ये येते, तेही लेपात मोडते. यावर माझा काहीच आक्षेप नाही. फक्त प्रवाशांनी एक लक्षात ठेवावे, की ट्यूबवर १५० मिलिलीटर लिहिलेले असेल आणि आत एक चमचाभर क्रीम उरले असेल, तरी मोजले जाते ते डब्याचे माप. अर्ध्या ट्यूबवरून घासाघीस करून काही साधत नाही.

अडतो तो साबण. दाढीचा साबण म्हणजे दगडासारखी टणक, गोल वडी, किंवा कांडी. ब्रश ओला करून तिच्यावर फिरवला तरच फेस येतो, कोरडा घासला तर पांढरा ओरखडाही नीट उठत नाही. अंगाला लावायच्या साबणाच्या वडीला कुणी द्रव म्हणत नाही, आणि याही वडीला म्हणायचे कारण नाही. पण डबीच्या झाकणावर दाढीच्या साबणाचे नाव दिसले की ‘दाढीचा फेस’ या यादीतल्या शब्दाची आठवण होते आणि डबी बाजूला निघते. काही साबण मात्र खरोखर मधल्या स्थितीतले असतात. बोट दाबले तर खड्डा पडतो, पण डबी उपडी केली तर खाली येत नाहीत. अशांबाबत नियम काहीही ठरवावा, हवे तर त्यांना लेपात धरावे, पण ठरवावा. मी स्वतः मऊ साबण नेतच नाही, कडक वडीचा एक तुकडा कापून छोट्या पत्र्याच्या डबीत दाबून बसवतो. आठवडाभरासाठी अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा पुरून उरतो, आणि एका लीटरच्या पिशवीतली जागा आफ्टरशेव्हच्या बाटलीसाठी मोकळी राहते.

ब्रशबद्दल तक्रार नाही. त्याला कुणी कधी अडवत नाही. आपल्याला त्यात रस नसेल, पण ओला ब्रश घट्ट नळीत कोंबून तासन्‌तास ठेवला तर त्याच्या मुळाशी कुबट वास धरतो, म्हणून भोके असलेली नळी वापरावी एवढे प्रवाशांसाठी इथेच सांगून ठेवतो. तुरटीच्या खड्याने मात्र दोनदा मला थांबवले आहे. काचेसारखा पारदर्शक, कोपरे असलेला तो ठोकळा पाहून कर्मचाऱ्याला प्रश्न पडावा, हे स्वाभाविक आहे. पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचे ते एक क्षार आहे, घन आहे, पाण्यात विरघळते आणि बारीक ओरखड्यातले रक्त थांबवते. एका वाक्यात ते नियमांच्या खुलाशात आले तर तेवढ्याने भागेल.

तपासणीच्या यंत्रांत आता मोठा बदल होतो आहे. त्रिमितीय प्रतिमा देणारी सीटी यंत्रे आली आहेत. ती बॅगेतली वस्तू सर्व बाजूंनी फिरवून दाखवतात, आणि काही विमानतळांवर द्रवपदार्थांची अट त्यामुळे शिथिल झाली. युरोपीय संघाने मात्र १ सप्टेंबर २०२४ पासून अशा यंत्रांवरही १०० मिलिलीटरची अट तात्पुरती परत आणली, आणि जुलै २०२५ मध्ये काही यंत्रांना मान्यता देऊन ती पुन्हा सैल करण्याचा मार्ग मोकळा केला. सुरक्षेसाठी असे फेरविचार करावेच लागतात. पण प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ असा होतो की जाताना ज्या विमानतळावरून मोठी बाटली विनासायास गेली, तीच बाटली परतताना दुसऱ्या विमानतळावर काढून घेतली जाते. म्हणून यंत्र कोणतेही असो, साधने कोणती चालतात याची यादी त्या त्या विमानतळाच्या नावासह, प्रवासाच्या आधी, तिकिटासोबत मिळावी. आणि ही नवी यंत्रे रेझरच्या पोटातले पाते अधिक स्पष्ट दाखवू शकत असतील, तर पाते नसलेला रेझर न उघडताही पुढे जाऊ द्यावा.

मागणी नेमकी असावी म्हणून नियमात घालण्याजोगा मजकूर इथे देतो. शब्द आपल्या कायदेतज्ज्ञांनी हवे तसे बदलावेत, आशय राहिला म्हणजे झाले. “सुटी पाती, पाते बसवलेला सेफ्टी रेझर आणि वस्तरा केबिनमध्ये नेण्यास मनाई आहे. पाते काढलेला सेफ्टी रेझर किंवा पाते काढलेली मूठ नेण्यास परवानगी आहे, आणि प्रवाशाने तपासणीच्या वेळी ती उघडून दाखवली पाहिजे. पाती प्लास्टिकमध्ये कायमची बसवलेली कार्ट्रिज आणि टाकाऊ रेझर यांना परवानगी आहे. दाढीच्या साबणाची घन वडी किंवा कांडी हा द्रवपदार्थ नाही.” नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराचे परिशिष्ट १७ सुरक्षेचे किमान निकष ठरवते आणि प्रत्येक देश त्यावर आपली यादी बांधतो, हे मला माहीत आहे. तरीही १९३ सदस्य देशांच्या संघटनेकडून असा नमुना निघाला, तर प्रत्येक देशाला तो नव्याने शोधावा लागणार नाही.

शेवटचा मुद्दा जप्तीचा. जी वस्तू नियमाप्रमाणे चालत नाही ती अडवली जावी, पण ती कायमची हिरावून घेणे हाच एक उपाय असू नये. माफक शुल्क घेऊन ती परतीपर्यंत सांभाळून ठेवण्याची किंवा टपालाने घरी पाठवण्याची सोय काही ठिकाणी आहे, आणि ती सर्वत्र असावी. पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला तेव्हा दोनच पर्याय असतात, विमान किंवा वस्तू, आणि तो विमान निवडतो. त्याने वस्तू सोडली म्हणजे तिच्यावरचा हक्क मनापासून सोडला असे होत नाही.

वडिलांचा रेझर मला परत मिळणार नाही, आणि तो मागण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. त्याच्या जागी मी आता फुलपाखरी झाकणांचा रेझर वापरतो, कारण तो उघडून दाखवायला सोपा आहे. पुढच्या महिन्यात मला पुन्हा प्रवास करायचा आहे. तो रेझर पारदर्शक पिशवीत, झाकणे उघडी ठेवून, ट्रेमध्ये सगळ्यात वर ठेवलेला असेल, त्याच्या शेजारी साबणाची पत्र्याची डबी असेल, आणि आपल्या कर्मचाऱ्याने विचारले तर मी स्वतः चकती फिरवून ती जागा रिकामी असल्याचे दाखवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
केबिन बॅगेवर प्रवास करणारा एक प्रवासी